माडीवरचा ळ

नवा फोन घरात पाऊल टाकताच आधी भाषा विचारतो. रायपूरच्या मराठी घरात या प्रश्नावर सगळेच जरा घुटमळतात. दारावरच्या भाजीवालीशी छत्तीसगढी, बँकेत हिंदी, देवघरात मराठी. यातली कोणती सांगायची? शेवटी कुणीतरी म्हणतं, "हिंदीच ठेव, लिपी तर एकच आहे ना!" हिंदी कळफलक तसा सज्जन. 'मी' लिहिलं की आदबीनं 'में' सुचवतो, जणू नम्रतेपायी 'मी'पणा सोडा म्हणतोय. ळचं प्रकरण मात्र नाजूक आहे. ऐंशीच्या दशकात आखलेल्या आणि १९९१ साली भारतीय मानकात गेलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि ल व ळ एकाच कळीवर: ल तळमजल्यावर, ळ शिफ्टचा जिना चढून माडीवर. ज्याच्यावाचून आमची सकाळ उजाडत नाही, तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू! रायपूरच्या तात्यापाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही "आप लोग मूलतः कहाँ के?" हे ऐकणाऱ्यांना त्याच्याविषयी माया वाटली तर नवल नाही.

माधवराव सप्र्यांचं बरं होतं. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. भाषा बदलायला त्यांना कळफलकावरची पृथ्वीगोलाची कळ दाबावी लागली नाही. टाक दौतीत बुडवला की झालं. आम्हाला मात्र एका वाक्यात दोनदा पृथ्वी फिरवावी लागते.

आमच्या काकूंनी यातून स्वतःची वाट काढली. त्या काचेवर बोटानं लिहितात. ळची दोन्ही वेटोळी सावकाश, गोलाईला धक्का न लावता काढतात, आणि मग शिरोरेघ ओढायला बोट उचलतात. रेघेवाचून अक्षर त्यांना उघडंबोडकं वाटतं. तेवढ्यात फोन उतावीळपणे अक्षर छापून मोकळा होतो. मागून आलेली रेघ एकटीच उरते आणि आडवी होऊन शेजारी बसते. "बाळ— कधी— येतोस—" पुण्यातल्या पुतण्याला वाटतं, काकू शब्दागणिक उसासा टाकतेय. अगदीच खोटं नाही ते. त्याचं उत्तर रोमन अक्षरांत येतं. ते नात वाचून दाखवते, दोन शब्द पदरचे घालून. बोलून लिहायची सोयही काकूंना दाखवली होती. पण सून स्वयंपाकघरात असताना सगळंच काही फोनला मोठ्यानं सांगता येत नाही.

वडीलधाऱ्यांना फोन घेऊन द्याल तेव्हा हिंदीच्या जोडीला मराठी कळफलकही घाला, आणि बोटानं लिहायची सोय सुरू करून द्या. दोन्ही फुकट आहेत. फक्त सेटिंगमध्ये जरा आत दडलेली असतात, आणि तिथवर वडीलधारी माणसं एकटी जात नाहीत.