फारगो म्हणा, डाज म्हणा

‘फारगो विकणे आहे. चालू कंडिशन. इंदापूर तालुका.’ एवढा मजकूर आणि खाली फोटो. फोटोत बॉनेट फोडून एक बाभूळ पुरुषभर वर आली होती आणि तिला सुगरणीचे खोपे लोंबत होते.

“चालू कंडिशन बाभळीची असणार,” मी म्हणालो.

“दाजी, तुम्हाला फारगो म्हणजे काय ते कळायचं नाही,” असं म्हणून मेहुण्यांनी पहाटे पाचला तयार राहायला सांगितलं.

त्यांचं फारगोप्रेम वडिलोपार्जित. माझ्या सासऱ्यांची एक फारगो होती, ट्रकात लहान आणि टेम्पोत मोठी. सांगलीची हळद आणि गूळ तिच्यातून मुंबईला जायचा. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, फारगो त्यांच्याही आधी गेली. पण घरात आठवण निघाली की आधी गाडीची निघते. तिला सकाळी हँडल मारून उठवावं लागे आणि ते हँडल उलटं फिरून दोघा क्लीनरांचे हात मोडले, हे सासूबाई अजून कौतुकानं सांगतात.

फारगो आणायची कशी, याचाही बंदोबस्त मेहुण्यांनी केला होता. छोटा हत्ती ठरवला होता. पाऊण टन ओझं वाहणाऱ्या गाडीवर आख्खा ट्रक घालून आणायचा हा बेत ऐकून ड्रायव्हर पोरगा काही बोलला नाही. भाडं येण्याजाण्याचं ठरलं होतं, त्याला काय! दोघांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. मी मधे. चौथा गिअर पडला की माझा गुडघा मेहुण्यांच्या मांडीवर चढायचा आणि दुसरा पडला की ड्रायव्हर म्हणायचा, “काका, पाय.”

निगडीहून निघालो ते आकुर्डीवरून. तिथं मेहुण्यांनी कारखान्याच्या दिशेनं देवाला करतात तसा नमस्कार केला. इथं एके काळी बजाज टेम्पो होती, आता तीच फोर्स मोटर्स. १९५८ साली कंपनी निघाली ती हँबर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार करून. तिथली हॅन्सीट नावाची तीनचाकी जर्मनीत बंद झाली आणि आपल्याकडं पुढची चाळीस वर्षं धावत राहिली. तिचं हॅन्सीट हे नाव मात्र आमच्या गावात कुणाच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही. पुढं एकच चाक, त्याच्यावर इंजिन आणि त्यावर लांबडं नाक, म्हणून आम्ही तिला डुक्कर म्हणायचो. बाजारात हाक यायची, “ओ डुक्करवाले, बाजूला घ्या,” आणि डुक्करवाले मान राखून बाजूला घ्यायचे. मावशीच्या लग्नाला मी डुकरातून गेलो. मोठी माणसं एसटीनं, सामान आणि पोरं डुकरात. मला जिलबीच्या कढईत बसवलं होतं. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा निळा धूर मागून यायचा, चढ लागला की गाडी थांबायची, सगळे उतरायचे, कढई मात्र माझ्यासकट वर राहायची. मांडवात उतरलो तेव्हा माझ्या पाठीवर काजळीचा गोल होता आणि तो आजही लग्नाच्या फोटोत दिसतो.

मॅटॅडोर त्यानंतरची. पुढं तिला मर्सिडीजचं डिझेल इंजिन आलं. म्हणजे ज्या काळात मर्सिडीज फक्त सिनेमात दिसायची, त्या काळात महाराष्ट्रातली निम्मी वऱ्हाडं मर्सिडीजच्या इंजिनावर, मांडीवर मांडी घालून, ओकत जात होती.

हडपसर सुटल्यावर मेहुण्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांची कुंडली मांडायला घेतली. ही चारशेसात, १९८६ ची पैदास. तेव्हा जपानी गाड्यांची फौज उतरली होती : डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान. टाटांनी चारशेसात काढली आणि जपान्यांना पुरून उरली. टोयोटानं डीसीएमचा हात सोडला त्याला जमाना झाला, पण उत्तर प्रदेशात अजून कुठल्याही मध्यम ट्रकला डीसीएमच म्हणतात. जम्मूत मिनीबसला मॅटॅडोर म्हणतात. अलिबागेत उतरलात तर सहा सीटची रिक्षा मागू नका, मिनीडोर मागा.

“आणि छोट्या हत्तीला तमिळनाडूत काय म्हणतात माहितीय?” मेहुणे.

“काय?” ड्रायव्हरनं पहिल्यांदाच रस घेतला.

“कुट्टी यानै. म्हणजे छोटा हत्तीच.”

२००५ साली आलेल्या गाडीचं कंपनीनं एस असं सुटसुटीत नाव ठेवलं होतं. तिला हत्तीचं पिल्लू ठरवायला सांगली आणि मदुराईच्या लोकांनी बैठक घेतल्याचं ऐकिवात नाही.

पाटसला उजवीकडं वळलो, बारामती मागं टाकली आणि सणसरला चहाला थांबलो. इथून खरी अडचण सुरू झाली. “इकडं फारगो कुणाकडं आहे?” असं विचारल्यावर हॉटेलातला तरुण म्हणाला, “माझा चुलतभाऊ आहे की वेल्स फार्गोत. पण तो हैदराबादला असतो.” बेलवाडीत, जिथं तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं त्या माळाजवळ, एका आजोबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “फारगो कशाला म्हणता? डाज हाय ही. डाज!” लासुर्ण्यात पान खाणाऱ्या गृहस्थांनी पिंक टाकून निकाल दिला, “डिसोटो. आमच्या मामाची होती. पैज लावा.”

मेहुणे चिडले. मला मात्र तिघांचंही पटत होतं, कारण तिघंही बरोबर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात, जिथून पुढं पद्मिनी बाहेर पडल्या तिथंच, अमेरिकेच्या क्रायसलरचे ट्रक जोडले जायचे. क्रायसलरच्या घरात भावंडं फार आणि प्रत्येकाचा विक्रेता वेगळा. प्रत्येक विक्रेत्याला दुकानात ट्रक तर हवा. मग ट्रक एकच करायचा आणि नाकावर पाटी बदलायची : डॉज, फारगो, डिसोटो. गिऱ्हाईक आयुष्यभर आपल्याच पाटीचा अभिमान बाळगतो आणि शेजाऱ्याच्या गाडीला नावं ठेवतो. आमच्या सासऱ्यांनी तर डाजवाल्यांशी सोयरीक नाकारली होती.

गंमत म्हणजे ती बाभळीतली गाडी जंक्शनच्या पुढं, खुद्द वालचंदनगरच्या साखर कारखान्याच्या शिवारातच उभी होती. (जंक्शन हे गावाचंच नाव आहे, तिथं रेल्वे शोधू नये.) मालकांनी बसायला पोतं टाकलं, ताक दिलं. मेहुणे ताक न पिता गाडीभोवती फिरले. बॉनेटवर डॉज. जाळीवर फारगो, त्यातला ‘फा’ पडलेला. दाराच्या आत डिसोटोची पाटी. मागच्या फाळक्यावर कमळाच्या दोन फुलांमध्ये ‘हॉर्न ओके टाटा’.

“जे मिळालं ते बसवत गेलो,” मालक म्हणाले. “सगळं सगळ्याला बसतंय.”

मेहुण्यांनी तिथूनच रेजायनाला मुलाला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडं दुपारचे बारा, त्याच्याकडं रात्रीचे साडेबारा. झोपेतून उठून त्या पोरानं बापाला सांगितलं, की कॅनडातही हाच प्रकार होता. डॉजच्या दुकानात डॉज, प्लिमथच्या दुकानात तीच गाडी फारगो म्हणून, आणि ही चैन १९७२ पर्यंत चालली. फोर्डवाल्यांनी तर १९४६ पासून बावीस वर्षं आपलीच पिकअप मर्क्युरी म्हणून विकली, कारण लहान गावात दोनांपैकी एकच दुकान असायचं. तिथले म्हातारेही अजून त्यावरून भांडतात म्हणे. मालकांनी फोनमध्ये डोकावून विचारलं, “तिकडं काय भाव चाललाय?” तिथंच आमचा सौदा बिघडला.

“फारगो म्हणून नेणार असाल तर दीड लाख,” मालक म्हणाले.

“आणि डॉज म्हणून?”

“डाजला मागणी कमी. लाख द्या.”

“भंगार म्हणून?” मी विचारलं.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग मेहुण्यांकडं, आणि ठामपणे म्हणाले, “भंगार न्यायचं तर बाभूळ तुम्ही तोडायची.”

बाभळीवर खोपे होते, खोप्यांत पिलं होती आणि मालकीणबाई कोयत्याला हात लावू देईनात. शेवटी मागचा फाळका तेवढा सुटला. तो दोन हजारांत ठरला. लाकूड सागवानी होतं, त्यामुळे मी गप्प बसलो. हत्तीच्या हौद्यात तो आडवा मावेना म्हणून उभा बांधला, कमळं मागच्या रहदारीकडं करून.

यवतच्या अलीकडं हवालदारांनी हात केला. केबिनमध्ये तिघं आहेत हे त्यांना दिसलं नाही, फाळका दिसला.

“काय माल आहे?”

“फारगो,” मेहुणे म्हणाले.

“टाटाचा दिसतोय की.”

मी डोळे मिटले. मेहुणे दार उघडून खाली उतरले, फाळक्यावर हात ठेवला आणि १९४४ पासून सुरुवात केली. ते क्रायसलरच्या तिसऱ्या भावंडावर आले तेव्हा हवालदारांनी ड्रायव्हरला हळूच बाजूला घेतलं.

“नेमकं काय आहे रे हे?”

“टेम्पोचा फाळका आहे, साहेब. जुना.”

“मग तसं सांगायचं,” असं म्हणून त्यांनी आम्हाला सोडलं. मेहुणे हडपसरपर्यंत ड्रायव्हरशी बोलले नाहीत.