एकोणशंभर

(स्थळ : सोलापुरातली एक मराठी शाळा. काळ : २०१९चा जून. शाळा सुटलीय. फळ्यापाशी दुसरीतली नात, टेबलावर आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. आजोबा तावातावानं आत येतात. म्हणजे सकाळचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून झालाय.)

आजोबा : बाई, त्रेपन्नला म्हणे आता 'पन्नास तीन'! मराठीची पार रया घालवलीत.

बाई : बसा तर आधी. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात दोन्ही दिलंय. त्रेपन्न कुठं पळून गेलेलं नाही.

आजोबा : ही अवदसा सुचली कुणाला?

बाई : पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर. हयात गणितात गेलीय त्यांची.

आजोबा : आमचं बालपण गेलंय गणितात! पावकी, निमकी, औटकी... साडेतीनचा पाढा झोपेत म्हणायचो.

बाई : साडेतीन सत्ते?

आजोबा : (खाकरून) झोपेत म्हणायचो म्हटलं ना. आणि विधानसभेत अजित पवार काय म्हणाले वाचलंत? मुख्यमंत्री फडणवीसांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का!

बाई : हसले मीपण. पण वीसला 'दोन शून्य' म्हणा असं सांगितलंय कुणी? वीस ते वीसच. पुढं वीस एक, वीस दोन. (नातीला) बाळ, त्रेपन्न लिही बघू.

(नात ३५ लिहिते.)

आजोबा : अगं!

बाई : तिला कशाला रागावता? ऐकलं तसं लिहिलं तिनं. आधी 'त्रे' कानावर पडलं, तीन काढला; मग 'पन्न', पाच काढला. आता पन्नास तीन लिही.

(नात ५३ लिहिते. विचारलेलं नसताना पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्याही मांडते.)

बाई : वर्गातल्या किती पोरांच्या घरी तेलुगू बोलतात. 'याभै मूडु' म्हणतात ती. आधी पन्नास, मग तीन. भाषा बुडाली म्हणून कुणाचे आजोबा नाही आले भांडायला.

आजोबा : आम्ही नाही कधी चुकलो.

नात : परवा दुकानदार एकोणऐंशी म्हणाला, तुम्ही एकोणसत्तर दिले. वर भांडलात. मग आजी दहा रुपये देऊन आली.

आजोबा : तो तोंडात पुडी ठेवून बोलतो!

नात : आजोबा, एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी ना?

आजोबा : (खुलून) शाब्बास! एकोणचाळीस, एकोणपन्नास...

नात : मग शंभरला एक कमी म्हणजे एकोणशंभर?

आजोबा : नव्व्याण्णव.

नात : का?

आजोबा : का म्हणजे? नव्व्याण्णव म्हणजे नव्व्याण्णव!

बाई : हे 'का म्हणजे' मला रोज चाळीस पोरांना सांगावं लागतं. त्यात सत्त्याण्णव, त्र्याण्णव. जोडाक्षरं धड वाचता येत नाहीत अजून त्यांना.

आजोबा : पण मंडईत भाजीवाली त्रेपन्नच म्हणणार. तिथं ही काय काड्या मांडणार?

बाई : खरंय. म्हणून तेही शिकवणारच. आधी पाच गठ्ठे दिसू देत, मग त्रेपन्न म्हणू देत. शनिवारी पालकसभा आहे, तिथं मांडा तुमचं म्हणणं. नंबर द्या, कळवते.

आजोबा : घ्या. नाइन एट, डबल टू...

बाई : मराठीत सांगा की.

आजोबा : त्यात काय! अठ्ठ्याण्णव... बावीस... (थांबतात. हवेत बोटानं काहीतरी गिरवतात.) त्र्याह... नाही, सदतीस... थांबा. सूनबाईलाच मिस्ड कॉल देतो, तिच्याकडून घ्या.