साबणाला पाणी लागू द्या

साबण अंगाला लावायचा असतो, हे मालवणात कुणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण घरी सुवासिक साबण करून विकायला लागल्यापासून मी ते तोंडी सांगत आलो आहे. उपयोग झालेला नाही. सबब हे लेखी निवेदन. चहा घेत वाचा, प्रकरण जरा लांबचं आहे.

पहिली तक्रार नाकांची. बाजारात टेबल मांडलं की गिऱ्हाईक येतं, वडी उचलतं, थेट नाकपुडीला टेकवतं, डोळे मिटतं, "वास बरो आसा हां" म्हणतं आणि वडी ठेवून दुसरी उचलतं. अशा ओळीने सगळ्या वड्या होतात. सकाळी कोरड्या फडक्याने पुसून मांडलेल्या वड्यांवर दुपारपर्यंत नाकाच्या शेंड्याएवढे तेलकट ठसे उमटलेले असतात. मग "कितक्याक?" किंमत सांगितली की उत्तर तयार: "दुकानात धा रुपयाक गावता." गावता, मान्य. पण त्या दुकानात वेष्टन फाडून, वास घेऊन, वडी परत फळीवर ठेवून कुणी बाहेर आला आहे का? ही सवलत फक्त आमच्याकडे, आणि तीही फुकट.

दुसरी तक्रार सुरंगीची. फाल्गुनात वेंगुर्ल्याकडून गजरे यायला लागले की प्रत्येकाला सुरंगीचा साबण हवा असतो. मलाही हवा आहे. पण साबण होतो कसा, ते ऐकून घ्या. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. कातडी कोरडी पडू नये म्हणून आम्ही तो थोडा कमीच घालतो, सोबत कोकमाच्या बियांचं मुठेल घालतो, तेच जे टाचांच्या भेगांना चोळतात. त्या सोड्यात सुरंगीची कळी टाकली की ती तपकिरी पडते आणि वास जातो. वाळा टिकतो, गवती चहा बऱ्यापैकी टिकतो. "मग चंदन कसा टिकता?" असं मला विचारलं जातं. चंदनाचं तेल जड असतं, आणि मैसूर संस्थानाने 1916 साली त्यासाठी स्वतंत्र कारखाना काढला होता. माझ्यामागे संस्थान नाही, पडवी आहे.

हळदीचंही तेच. हळदीचा साबण पिवळाधमक हवा, ही सर्वांची अट. क्षार लागला की हळद लाल होते. कुंकू ह्याच गुणावर बनतं. घरोघरी कुंकवाचा करंडा आहे, तरी माझी केशरी वडी हातात घेऊन "रंग घातलास मां?" असं विचारणारे भेटतातच.

पण खरा अन्याय होतो तो पावसाळ्यात, आणि इथे मला थोडं थांबावं लागेल. साबण बनताना त्यात आपोआप ग्लिसरीन तयार होतं. मोठे कारखाने बहुधा ते काढून वेगळं विकतात. आम्ही ते वडीतच ठेवतो, कारण कातडी मऊ राहते ती त्यानेच. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, आणि जुलैमध्ये आमच्या किनाऱ्यावर हवेत पाण्याखेरीज फारसं काही नसतं. वडीवर दवासारखे बारीक थेंब येतात. म्हणजे थेंब आले, तर ग्लिसरीन आत आहे ह्याची खूण पटली. लोक काय म्हणतात? "साबणाक घाम इलो, डुप्लिकेट दिसता." कारखान्यातली वडी कोरडी ठणठणीत असते, म्हणून ती अस्सल! चार ते सहा आठवडे फळीवर उलटसुलट करत मुरवलेल्या मालाबद्दल हा शेरा मुकाट ऐकून घ्यायचा.

22 सप्टेंबर 2025 पासून अंगाच्या साबणावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. त्या आठवड्यात भाव कमी करा म्हणून आलेले बरेच होते. चाळीस लाखांच्या आतल्या उलाढालीला नोंदणी लागत नाही, म्हणजे मी हा कर कधी लावलाच नव्हता. जो लावलाच नाही तो कमी कुठून करू?

आता मुख्य आरोप. जे साबण विकत घेतात, ते वापरत नाहीत. मे महिन्यात आलेले चाकरमानी भेट द्यायला म्हणून डझनाने नेतात आणि ती वडी मुंबईत कुणाच्या तरी कपाटात साड्यांच्या घडीत जाऊन बसते. माझ्या सख्ख्या वहिनीने गणपतीत कपाट उघडून मला अभिमानाने दाखवलं, "भावजी, बघा, अजून तसोच वास येता. जपून ठेवलंय." वेष्टनासकट! 1982 सालच्या दुरुस्तीने साबण कायद्याच्या लेखी सौंदर्यप्रसाधन झाला. त्यामुळे परवाना, पत्ता, बनवल्याचा महिना-वर्ष आणि वापराची अंतिम तारीख हे सगळं त्या तळहाताएवढ्या कागदावर छापावं लागतं. त्यातली अंतिम तारीख वहिनीच्या कपाटात कधीच उलटून गेली होती. जी वडी झिजत नाही, तिच्यामागे दुसरी कोण घेणार? मला शाबासकी मिळते, फोटो मिळतात. दुसरी ऑर्डर मिळत नाही.

खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो. म्हणून तर पूर्वी जहाजांवरचे खलाशी तो वापरत. चैत्र-वैशाखात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, बाकी साबण नुसते अंगावर घसरतात, तेव्हा आमचा साबण कामाला येतो. ही परीक्षा कपाटात होत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी आमची किंवा कुठल्याही बचत गटाची वडी पडून आहे, त्यांना विनंती. आज ती बाहेर काढा, तारीख बघा, आणि उलटली नसेल तर न्हाणीघरात न्या. खाली जाळीची साबणदाणी ठेवा, पाण्यात बुडत ठेवू नका. संपली की कळवा.