वारो आसा

"तुमच्या बेटावर काय काय आहे?"

बायकोने फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे घरातल्या सहाही माणसांनी उत्तर ऐकलं.

"काय नाय," पलीकडची बाई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माड आसत. खाडी आसा. आमी आसव."

"एसी?"

"वारो आसा."

"बरं, फ्रीज तरी? मुलांना थंड पाणी लागतं हो."

पलीकडे जरा वेळ नुसताच वारा ऐकू आला. मग "मासे रोज ताजे गावतत, फ्रीज कित्याक?" असा उलट प्रश्न आला. बायकोने फोन ठेवला आणि ते बेट मीच खाडीतून वर काढल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

दोष माझाच होता. गेल्या मे महिन्यात आम्ही एका नावाजलेल्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे समुद्र बघायचा तो दोन मोटारींच्या फटीतून, आणि लाटा ऐकायच्या त्या शेजारच्या टोळक्याचं एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या दोन सेकंदांत. परतताना पनवेलच्या कोंडीत मी जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी शांत, अविकसित बेट.

'अविकसित' या शब्दाला सासऱ्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. कुठे डांबर दिसलं नाही की ती त्यांना स्वतःवरची टीका वाटते. लेक सोळा वर्षांची, तिने एकच शब्द उच्चारला, "रेंज?" धाकट्याला खजिना हवा होता, तो नसल्यास निदान एखादा सांगाडा. आणि आई नुसती हसली. तिचं माहेर मालवणचं.

बेट मी आधीच हेरून ठेवलं होतं. गडनदी समुद्राला मिळते ती कालावलच्या खाडीतून, आणि या खाडीत मसुरे-हाडीच्या बाजूला खोतजुवा, पाणखोल अशी बेटं आहेत. खाडीतल्या बेटाला तिकडे जुवा म्हणतात. सासऱ्यांचा जन्म नागपूरचा. त्यांनी तो शब्द हिंदीत ऐकला. "जुव्यावर? नातवंडांना घेऊन?"

"आमच्या वेळी जुव्यावर मुलगी द्यायला लोक दहादा विचार करायचे," आई म्हणाली. "आणि तू पैसे भरून सगळं घर न्यायला निघालास."

शेवटी तडजोड झाली. मुक्काम तोंडवळीला, जमिनीवर, आणि तिथून एकेक बेट बघून यायचं. लग्नाच्या मुलासाठी स्थळं बघतात तसं. पसंत पडेल ते पुढच्या मे महिन्यासाठी ठरवायचं. नाहीतरी दोघांत शब्द एकच आहे, स्थळ. पोहेही दोन्हीकडे मिळतात.

पहिलं स्थळ अर्थातच घरंदाज. मालवणच्या समोरचं कुरटे बेट, म्हणजे सिंधुदुर्ग. हे बेट पसंत करण्याचा कार्यक्रम आमच्याआधी १६६४ साली होऊन गेला आहे, आणि बघायला आलेले गृहस्थ आमच्यापेक्षा बरेच जाणकार होते. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. बायको दूधबावीच्या काठाशी थांबली. "बघ, महाराजांनी आधी पाणी पाहिलं. तू काय पाहिलंस? सूर्यास्ताचे फोटो." सासऱ्यांनी तटाचा पाया निरखला. पायात शिसं ओतल्याचं ऐकून त्यांनी मान डोलावली. पण काम १६६४ मध्ये सुरू होऊन १६६७ मध्ये पुरं झालं, हे कळल्यावर ते होडीत बसेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

स्थळ उत्तम, पण आमच्या आवाक्यातलं नव्हे. जिथे जायला तिकिटाची रांग आहे आणि उतरल्यावर इतिहास सांगायला माणूस उभा आहे, ते बेट शांत म्हणवत नाही.

दुसरं स्थळ देवबागचं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात, म्हणून नाव सुनामी आयलंड. इतकं तरुण बेट आम्ही प्रथमच पाहत होतो. वय लेकीपेक्षा जरासंच जास्त, स्वभाव मात्र तसाच. दिवसातले काही तास पाण्याखाली, वर असेल तेव्हा भोवती प्रचंड गर्दी आणि आवाज. मोटारबोटी घूं घूं करत होत्या, केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसलेली सहा माणसं किंचाळत होती, आणि घोटाभर पाण्यात उभे राहून लोक चहा पीत होते. धाकट्याला हे स्थळ बेहद्द आवडलं. सासऱ्यांना तर फारच. ते म्हणाले, "विकास म्हणजे नुसता रस्ताच असतो असं नाही." मी नकार कळवला. मुलीकडचे म्हणजे होडीवाले काही नाराज दिसले नाहीत, त्यांच्याकडे रांग होती.

तिसरं स्थळ आम्ही निवतीच्या किनाऱ्यावरून नुसतंच लांबून बघितलं: वेंगुर्ला रॉक्स. क्षितिजावर काळे ठिपके आणि एक दीपगृह. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या राहतात, त्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. धाकट्याचा चेहरा खुलला. "थुंकीचं घर?" हो, आणि त्या थुंकीच्या घराचं परदेशात सूप करतात आणि पैसे मोजून पितात, म्हणून घरटी चोरीला गेली आहेत. म्हणजे खजिना सापडला म्हणायचा, पण चोर आमच्याआधी पोचले होते. खडकावर घर केलं, रस्ता नाही, रेंज नाही, तरी त्या पाकोळ्यांच्या नशिबी पाहुणे चुकले नाहीत.

राहता राहिला जुवा.

निघायच्या आदल्या रात्री आईने मुक्कामाच्या घरातलं कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं. १९७३ साली ते सुरू करणारे जयंत साळगावकर मालवणचेच, त्यामुळे आई ते माहेरून आलेल्या पत्रासारखं वाचते. "उद्या द्वादशी," ती बोटांवर मोजत म्हणाली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा तिकडच्या दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा. "बारा पाऊणे नऊ. नवाला भरती. म्हणजे तीनला सुकती. तू होडी चारला बोलावलीस. ती कशी येणार?"

"आई, ते त्यांचं ते बघतील," मी म्हणालो. माझ्या मोबाईलवर हवामानाचं ॲप होतं.

सकाळी नवाला होडी सुळकन धक्क्याला लागली. बांधावरून पायवाट, दोन्ही बाजूंना माड, मग शेणाने सारवलेलं खळं आणि फोनवरची ती बाई. आईने तिला "तू मूळची खयची?" विचारलं आणि पंधरा मिनिटांत दोघींना एक समाईक आत्या सापडली. त्यानंतर आम्ही पाहुणे उरलो नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या आत गेल्या आणि बायकोच्या हातात खोवणी आली.

तपासणी मात्र झाली. बायको संडासातून बाहेर आली ती गंभीर चेहऱ्याने. "आपल्यापेक्षा स्वच्छ आहे," ती माझ्या कानात म्हणाली, आणि ही बातमी चांगली की वाईट हे तिलाही ठरवता येईना. लेकीने रेंजचा शोध लावला. बांधाच्या वळणावर एक कललेला माड आहे, त्याच्या बुंध्याशी टेकलं की मोबाईलवर दोन रेघा येतात. बुंधा टेकून टेकून गुळगुळीत झालेला, म्हणजे शोध जुनाच. जुव्यावरची तीन मुलं तिथे आधीपासून बसलेली होती. धाकटा सांगाड्याऐवजी एक जिवंत कुर्ली घेऊन आला, किंवा कुर्ली त्याला घेऊन आली. कोणी कोणाला धरलं होतं हे सोडवायला वेळ लागला.

"किनारा कुठे आहे?" बायकोने विचारलं. आम्ही सगळे टोप्या आणि पोहायचे कपडे घेऊन आलो होतो.

"किनारो थय तळाशिलाक. हय चिखल."

मी पडवीत पुस्तक घेऊन बसलो. हीच ती शांतता, जिच्यासाठी मी वर्षभर भांडलो होतो. एक कोंबडा, मधूनच धप्पकन पडणारा नारळ, लांबवर वल्ह्याचा आवाज. पहिला तास मी अतिशय शांतपणे अस्वस्थ होतो. दुसऱ्या तासात माडापाशी जाऊन दोन रेघा बघून आलो. मग जेवण आलं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. त्यानंतर मला जुवा एकदम पसंत पडला. जेवणानंतर दिलेला होकार कोर्टात टिकत नसावा, पण मी तो दिला.

"फक्त एक करा," मी हात पुसत त्या बाईला म्हणालो. "हे असंच ठेवा. पूलबिल होऊ देऊ नका. सगळं बिघडेल."

ती शेवटचा बांगडा सासऱ्यांच्या ताटात वाढत होती. "पावसात रातीचा कोणाच्या पोटात दुखाक लागला तर होडी काडूची लागता," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, माहिती दिल्यासारखं. मग तिने विचारलं, "तुमच्या डोंबिवलेक पूल आसा?"

"आहे की."

"मगे तो आधी काडून टाका. आमी बघूक येतलव."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर त्यांनी धाकट्याच्या चित्रकलेच्या वहीत पेन्सिलने पुलाचा कच्चा आराखडाही काढला, खांब सहा.

चार वाजता आम्ही सामान घेऊन बांधावर आलो. सकाळी जिथे होडी टेकली होती तिथे आता चकचकीत चिखल होता आणि त्यावर बगळे चालत होते. खाडीचं पाणी लांब मधल्या धारेला जाऊन बसलं होतं. आई काही बोलली नाही. तिने फक्त पदर खोचला आणि बांधावर ऐसपैस बसली, आता बराच वेळ आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखी.

होडी आली, पण ती धारेतच थांबली. तिच्यात चार माणसं होती आणि मधोमध, दोरांनी बांधलेला, माणसाएवढा उंच एक पांढरा खोका. माणसं गुडघाभर चिखलात उतरली. खोका कलला. सासरे बांधावर उभे राहून "डावीकडून! डावीकडून घ्या!" असं ओरडू लागले. निवृत्तीनंतर इतके आनंदी मी त्यांना पाहिलेले नव्हते. पाचवा माणूस कमी पडत होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पँट दुमडून उतरलो. खोक्याचा एक कोपरा माझ्या खांद्यावर आला आणि पाय पोटरीपर्यंत खाली गेला. वर माडाला टेकून लेक हे सगळं मोबाईलवर टिपत होती.

"काय आहे हे?" मी धापा टाकत विचारलं.

"फ्रीज," बांधावरून ती बाई कौतुकाने म्हणाली. "तुमीच इचारल्यात मा फोनार? पुढच्या मे म्हयन्यात येतलात तेव्हा झीलाक थंड पाणी गावतला. सांभाळून हां, आडवो करू नकात."

बायको दुसरीकडे बघत होती. मी फ्रीज आडवा होऊ दिला नाही. डावी चप्पल अजून तिकडेच आहे.