घबाडाचा दाखला

समजा, कोल्हापूरच्या शाहूपुरीत धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींना राज्य लॉटरीत १२ हजारांचं बक्षीस लागलं. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के प्राप्तिकर हातात पैसे पडण्याआधीच कापला जातो, आणि अमुक लाखांपर्यंत कर माफ ही सवलत लॉटरीच्या पैशाला चालत नाही. मावशींच्या पदरात पडले ८,४०० रुपये आणि पॅनवर ३,६०० रुपयांच्या कराची नोंद. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या २०२४च्या नियमांत कुटुंबात कुणी आयकरदाता असेल तर बहीण अपात्र. नियम अक्षराला धरून वाचला, तर मावशी कारखानदारांच्या पंगतीत जाऊन बसल्या.

आता रत्नागिरी-नागपूर महामार्गात जमीन गेलेलं एखादं घर बघा. ग्रामीण भागातल्या शेतजमिनीच्या भरपाईवर प्राप्तिकर नाही. म्हणजे कोटभर आले तरी हे घर आयकरदाता ठरत नाही. राहिली अडीच लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची अट. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, आणि कार्डाचा रंग काही भरपाईच्या चेकबरोबर बदलत नाही. त्या पैशातून ट्रॅक्टर घेतला तरी हरकत नाही, कारण घरात चारचाकी नको या अटीतून ट्रॅक्टर वगळलाय. नवा कोरा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या गेटवर उभा राहिला तरी बहीण गरीबच. शेजारणीच्या दारात भावानं तिसऱ्या हातानं घेतलेली मारुती ८०० दिसली, की ती श्रीमंत. २०२५च्या सुरुवातीला कुणाच्या दारात गाडी आहे हे बघायचं काम अंगणवाडी सेविकांकडे आलं. पोरांना खिचडी वाढायची, वजनं घ्यायची आणि वर शेजारपाजारच्या गाड्या मोजायच्या!

कोल्हापूरला घबाड काही नवं नाही. २०२२मध्ये इथल्याच गृहिणी कविता चावला यांनी ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकले. त्याआधी २०१९मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनीही कोटीचा टप्पा गाठला होता. शाळेत खिचडी शिजवण्याबद्दल त्यांना तेव्हा महिन्याला मानधन मिळत होतं १,५०० रुपये. पाच वर्षांनी लाडक्या बहिणीला महिन्याला द्यायची रक्कम ठरली, तीही १,५००. सरकारला या आकड्याचा काही नवस असावा.

घबाड मिळालेल्याला मदत द्यावी का, हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका गृहस्थानं २०१०मध्ये २० लाख डॉलरची लॉटरी जिंकली आणि नंतरही तो सरकारी फूड स्टॅम्पवर वाणसामान आणत राहिला. एकरकमी पैसा तिथल्या नियमांत ‘उत्पन्न’ धरला जात नव्हता. गवगवा झाला, आणि २०१४च्या कायद्यानं मोठी लॉटरी जिंकणाऱ्यांचे फूड स्टॅम्प बंद केले. ब्रिटनमध्ये पैसा आला कुठून यापेक्षा उरला किती ते बघतात: शिल्लक सहा हजार पौंडांवर गेली की मदत घटत जाते, सोळा हजारांवर बंद. हे जरा शहाणपणाचं वाटतं. बक्षिसातून आईचं ऑपरेशन झालं, सावकार मिटला, तर तो माणूस कोणत्या अर्थानं श्रीमंत?

आपल्याकडे मात्र कागदावर उमटेल तेवढंच दिसतं. कधी कधी फोटोतही दिसतं म्हणा. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रचाराच्या धामधुमीत खासदार धनंजय महाडिक यांनी लाडकी बहीण योजनेचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेत दिसणाऱ्या बायकांचे फोटो काढायला सांगितलं होतं. नंतर त्यांनी माफी मागितली आणि पात्रतेचा तो निकष बारगळला.

त्याच महिन्यात, ५ तारखेला, कोल्हापुरातच महायुतीनं दहा वचनं जाहीर केली. लाडक्या बहिणीला २,१०० आणि वृद्धांचं निवृत्तिवेतनही १,५०० वरून २,१००. टाळ्या पडल्या. आता संजय गांधी निराधार योजनेची अट वाचा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. श्रावणबाळ योजनेतल्या म्हाताऱ्यांनाही तोच आकडा. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार, म्हणजे आजी अजून तीन हजारांनी गरीब. महिना २,१०० झाले की वर्षाचे होतात २५,२००. सरकारनं स्वतःची मदत उत्पन्नात धरायची ठरवली, तर वचन पाळल्याच्या वर्षीच आजी निराधार राहणार नाहीत, आणि सेतू केंद्रातल्या पोराला खिडकीतून सांगावं लागेल, “आज्जी, तुमचं उत्पन्न वाढलंय बघा.”