गिटारवादी

गिटारवादक आणि गिटारवादी हे दोन वेगळे वर्ग आहेत. वादक गिटार वाजवतो, वादी तिच्याविषयी वाद घालतो. दोन्ही गुण एकाच देहात क्वचित सापडतात, आणि सापडले तर वादी वादकाला हळूहळू खाऊन टाकतो. हिंदुस्थानी संगीतशास्त्रात वादी हा रागातला राजा आणि संवादी त्याचा प्रधान. विवादी स्वर वर्ज्य समजला जातो. मात्र कसबी गवय्याने तो ओझरता लावला तर रंगत वाढते असे जाणकार म्हणतात. घरगुती मैफलीत गिटारवादी हा असा विवादी स्वर असतो. फरक इतकाच की तो ओझरता लागत नाही, मुक्कामाला येतो.

तो प्रामुख्याने पुण्यात कोथरूड ते बाणेर, मुंबईत दादर, पार्ले आणि पुढे ठाण्यापर्यंत आढळतो. न्यू जर्सीतील तळघरांतही त्याची चांगली वाढ होते. वय पस्तीस ते पंचावन्न, व्यवसाय बहुधा संगणकाशी निगडित. ओळखण्याची खूण सोपी आहे. वादकाच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेले असतात. वादीची बोटे मऊ असतात. घट्टे पडतात ते ऐकणाऱ्याच्या कानांना.

त्याची उत्पत्ती इंजिनीअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये शोधावी लागते. पहिली गिटार कोलकात्याची, गिवसन. हे नाव गिब्सन नाही, मधला ‘ब’ काढून ‘व’ घातलेला आहे, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलेले नसते. सहा महिन्यांत तो जी, सी, डी आणि ई मायनर हे चार कॉर्ड शिकतो आणि वसतिगृहाच्या गच्चीवर त्याची कीर्ती पसरते. मग येतो एफ. या कॉर्डात तर्जनी आडवी ठेवून तारा एकदम दाबायच्या असतात आणि उरलेल्या बोटांनी शांतपणे आपापले काम करायचे असते. एफ हा गिटारशिक्षणातला बोरघाट आहे. कित्येकांचे इंजिन तिथे बंद पडते. परत फिरलेल्यांपैकी शहाणे गिटार विकतात. बाकीच्यांना मते फुटतात.

या मतांना एक पथ्य आहे. मत खरे असले तर उत्तमच, पण त्याला गिऱ्हाईक नसणे ही मुख्य अट. जे मत चार जणांना पटले ते गिटारवादीने टाकलेच म्हणून समजावे. इथे एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, की त्याची मते हवेतली नसतात. वाचन दांडगे असते, तपशील बिनचूक असतात. चूक तपशिलात नसून वेळेत असते. म्हणजे पंगतीत, केक कापताना, किंवा समोरचा खरोखर गात असताना.

लाकडाविषयीचे मत हे त्याचे मुख्य दैवत. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाचा लाकडाशी काहीही संबंध नाही, असे तो सांगतो. त्यासाठी तो पिकअपची रचना समजावतो: चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर पोलादी तार. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती ॲम्पकडे जाते. यात लाकूड कुठे आले? पुरावा म्हणून लेस पॉल यांची गिटार पुढे केली जाते. १९४० च्या सुमारास त्यांनी पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या, आणि गिटारसारखी दिसावी म्हणून दुसऱ्या एका गिटारचे दोन अर्धे भाग बाजूंना जोडले. ती गिटार ‘लॉग’, म्हणजे ओंडका, याच नावाने प्रसिद्ध आहे. वाद अजून मिटलेला नाही. पण ओंडका वाजत होता हे खरे.

हाच माणूस साध्या, पोकळ गिटारकडे वळला की लाकडाचा भक्त होतो. तिथे पाठ आणि कडा शिसवीच्या हव्यात. या हट्टामागेही इतिहास आहे. अमेरिकेतली मार्टिन कंपनी पूर्वी ब्राझीलचे रोजवूड वापरत असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली आणि कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. म्हणजे ज्या लाकडाचा आपल्याकडे देव्हारा होतो, त्याची पेनसिल्व्हेनियात गिटार होते. हे कळल्यापासून गिटारवादी सासुरवाडीला गेला की जुन्या शिसवी पलंगावर बोटाच्या पेराने टकटक करतो आणि कान लावून ऐकतो. जावई वाळवी तपासतात, अशी सासूबाईंची समजूत आहे, आणि त्याबद्दल त्यांना कौतुकही वाटते.

जुन्या गिटारींविषयी तो निर्दय आहे. १९५८ ते १९६० या काळातल्या गिब्सनच्या पिवळ्या-तांबूस झळाळीच्या लेस पॉल गिटारींना आज काही कोटी रुपये पडतात. त्या काळी मात्र खप इतका रोडावला होता की कंपनीने तो घाटच बंद करून १९६१ मध्ये दुसरा काढला. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्यांनी त्या जुन्या गिटारी हाती घेतल्यावर जग जागे झाले. ‘दुकानात पडून होती तेव्हा कोणी विचारली नाही,’ हे वाक्य तो स्वतःच्याच अनुभवासारखे म्हणतो. मुद्दाम पोचे आणि ओरखडे पाडून जास्त किमतीला विकल्या जाणाऱ्या नव्या गिटारींवरचे त्याचे भाषण तर श्रवणीय असते. त्याच्या मते पुण्याच्या जुन्या बाजारात हेच काम वर्षानुवर्षे चालू आहे, फक्त तिथे पोच्याचे पैसे कमी करतात.

शब्दांबाबत तो कडक. फेंडर स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली, तिच्यावरच्या दांडीला कंपनीने ट्रेमोलो म्हटले. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणे. सूर हलतो त्याला व्हिब्राटो म्हणतात. गंमत अशी की त्याच कंपनीने आपल्या ॲम्पवर आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणाला व्हिब्राटो हे नाव दिले. ही अदलाबदल आजतागायत चालू आहे आणि ती दुरुस्त करण्याचे काम गिटारवादी एकटा करतो. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. ही माहिती तो विशेष आपुलकीने देतो.

लोकप्रिय गाण्यांशी त्याचे जुने वैर आहे, आणि ती सगळी गाणी त्याने स्वतः गच्चीवर वाजवलेली आहेत. ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ लागले की तो हात वर करून सांगतो, की १९६९ च्या उन्हाळ्यात ब्रायन ॲडम्स नऊ वर्षांचा होता. हे खरेच आहे. गायकाचा जन्म नोव्हेंबर १९५९ चा. पण त्यामुळे आजवर कोणी नाचायचे थांबलेले नाही. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या अखेरीस डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारी जवळजवळ दोन मिनिटे एकमेकींशी बोलतात. या भागात त्याचा डावा हात टेबलाखाली आपोआप हलतो. हात थांबला की तो म्हणतो, ‘ओव्हररेटेड.’

सगळी गाणी चारच कॉर्डवर बेतलेली असतात, ही त्याची ठरलेली तक्रार. भूपात पाचच स्वर असतात आणि त्या पाचांवर तास तास गाणी झाली आहेत, हे कोणी त्याला सांगितले तर तो लगेच मान्य करतो आणि पुढे म्हणतो की हिंदुस्थानी संगीत म्हणूनच श्रेष्ठ, तिथे कॉर्डच नाहीत. चार कॉर्ड अपुरे, शून्य पुरेसे, हा हिशेब फक्त त्यालाच सुटतो.

हिंदी सिनेमाच्या बाबतीत मात्र त्याचे ऐकावे. गाण्याचे श्रेय संगीतकाराइतकेच वाजवणाऱ्यांचे, असे तो म्हणतो, आणि या एका मताला खरोखर जास्त गिऱ्हाईक मिळायला हवे होते. ‘दम मारो दम’ आणि ‘चुरा लिया है’ या दोन्ही गाण्यांतली गिटार भूपिंदर सिंग यांची. ‘कर्ज’मधल्या ‘एक हसीना थी’ची सुरावट गोरख शर्मांच्या बोटांतली. तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे शोधून सापडत नसत. पडद्यावर गिटार धरणाऱ्या नायकाचा डावा हात गाणे संपेपर्यंत एकाच जागी मुक्काम करी, आणि टाळ्या त्याला मिळत. गोव्याहून मुंबईत आलेल्या कित्येक वादकांचे आयुष्य असे पडद्यामागे गेले. हे सांगताना गिटारवादीचा आवाज खाली येतो. त्याच्या बोलण्यात असे प्रसंग थोडे.

कोणी वाजवायचा आग्रह केलाच, तर तो गिटार जुळवायला बसतो. दुसरी तार, बी, जुळत नाही. ती कधीच पूर्ण जुळणार नाही, असे तो सप्रमाण दाखवून देतो. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेल्या असतात, त्यामुळे त्यावरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पेटीचे दुखणेही हेच. पेटीच्या ठरीव सुरांवरच्या अशाच आक्षेपांतून रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राने तो काळ पेटी वाजवतच काढला. गिटारच्या या चढ्या गंधारावर उपाय म्हणजे फ्रेटवर बोट न दाबता कांडी सरकवायची. ब्रिजभूषण काबरांनी ते १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत केले, त्याच वाटेने गेलेल्या विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. हे सर्व सांगून होईपर्यंत पावभाजी येते. गिटार पुन्हा पिशवीत जाते.

या जातीचा प्रसार भाच्यांमार्फत होतो. भाचा विचारतो, ‘मामा, दहा हजारांत कुठली गिटार घेऊ?’ मामा सव्वातीन तास बोलतो. त्यात लाकूड येते, लाकडाचा निरुपयोग येतो, शिसवी येते, चौदा सेंट येतात. शेवटी असे ठरते की दहा हजारांत घेण्यासारखी गिटार नाही आणि दहा लाखांत घेण्याची गरज नाही. भाचा गोंधळतो आणि अडीच हजारांची युकुलेली घेऊन येतो. दिवाळीत तो सर्वांसमोर जाहीर करतो की गिटारला मुळात दोन तारा जास्तच आहेत.

आपल्याला हे आधी कसे सुचले नाही, याचे मामाला भाऊबीज होईपर्यंत वाईट वाटत राहते.