जावयाने घेतलेली झडती

नोकरीची तेहेतीस वर्षं मी रोज झडती दिली. नाशिक रोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात होतो. तिथे पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट छापतात. नोटा छापणारं चलार्थ पत्र मुद्रणालय वेगळं. पण ही भारदस्त नावं फक्त पाटीवर. नाशिककर दोन्हींना मिळून ‘प्रेस’ म्हणतो. लग्नाकार्यात कुणी ‘काय करता?’ विचारलं आणि मी ‘प्रेसला असतो’ म्हटलं, की समोरच्याचा पुढचा विनोद मला तोंडपाठ असायचा. ‘मग एखादं बंडल आणायचं की!’ मी हसायचो. तेहेतीस वर्षं त्याच विनोदाला हसणं हाही नोकरीचाच भाग होता.

प्रेसने मला एक सवय लावली. तिथे चांगला छापलेला कागद मोजतात, तसा वाया गेलेलाही मोजतात. खराब झाला म्हणून कागद चुरगाळला आणि टोपलीत टाकला, असं चालत नाही. त्या खराब कागदाचाही हिशेब लागतो. परिणाम असा, की निवृत्त होऊन बाहेर पडलो तेव्हा मला कुठलीच वस्तू टाकता येत नव्हती. मिक्सरचं वॉरंटी कार्ड होतं, मिक्सर नव्हता. आणि अशा माणसाने २०१२ साली संगणक घेतला.

सुरुवातीला तो बरा होता. मग हळूहळू त्याचं वय झालं. माझंही झालं, पण मी निदान हाक मारल्यावर ओ देतो. सकाळी मी बटण दाबायचो, चपला घालायचो, जेल रोडवरून चालत बिटको चौकात जायचो, दूध घ्यायचो, ओळखीच्या दोघांशी गुडघ्यांविषयी बोलायचो आणि परत यायचो. तोवर पडद्यावर चित्र आलेलं असायचं. एखाद्या दिवशी दोघांऐवजी एकच भेटला, तर घरी येऊन वाट पाहावी लागायची.

मुलीला फोन केला. ती पुण्याला असते. ती म्हणाली, “बाबा, मला वेळ नाही. ह्यांना सांगते. रविवारी ते तिथूनच बघतील.”

“तिथूनच म्हणजे?”

“म्हणजे पुण्यातून. रिमोटने.”

पुणे-नाशिक अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही शहरं जोडणारा सरळ लोहमार्ग नाही आणि रस्त्यात चाकण आहे. म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये कमी आणि नशिबात जास्त. तरी जावई क्षणात घरात येणार, ही कल्पनाच मोठी होती. बायकोने ती फारच मनावर घेतली.

“जावई येणार आणि हा पसारा?” ती म्हणाली.

“अगं, ते घरात नाही, संगणकात येणार.”

“मग तिथला आवरा!”

तिचं चुकीचं नव्हतं. माझ्या डेस्कटॉपवर फोल्डरांची अशी दाटी होती, की मागचं चित्र गणपतीचं आहे की गंगापूर धरणाचं, हे मलाच आठवत नव्हतं. ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे २’, ‘अति महत्त्वाचे’, ‘टाकायचे नाही’, ‘बघून टाकणे’ आणि ‘टाकण्यापूर्वी विचारणे’. कुणाला विचारणे, ते लिहिलेलं नव्हतं. शेवटी बायकोच्या आग्रहावरून मागे मुलीच्या लग्नातला फोटो लावला. त्यात जावई उठून दिसतात असं तिचं मत. त्या एका बदलाला बावीस मिनिटं लागली आणि फोटोतल्या जावयांच्या बरोबर चेहऱ्यावर ‘बघून टाकणे’ हे फोल्डर आलं.

रविवारी दहाला फोन आला. जावई म्हणजे अत्यंत सभ्य गृहस्थ. मला ‘बाबा’ म्हणतात आणि वाक्य संपण्यापूर्वी एकदा तरी ‘तुमची हरकत नसेल तर’ म्हणतात. त्यांनी एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं आणि म्हणाले, “बाबा, आता तुम्हाला नऊ आकडी नंबर दिसेल, तो मला सांगा.”

मी गप्प.

“बाबा? दिसतोय ना?”

दिसत होता. पण आमच्या फ्रिजवर मुलीनेच चिकटवलेला कागदही दिसत होता: ‘फोनवर कुणालाही नऊ आकडी नंबर सांगायचा नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३०.’ अशी सॉफ्टवेअरं उतरवायला लावून, तो नंबर गोड बोलून काढून घेऊन भामटे खाती रिकामी करतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना दिला होता. आणि मी प्रेसचा माणूस. आमच्याकडे साहेबाचा चेहरा रोजचा असला, तरी गेटवर ओळखपत्र लागायचंच.

“माफ करा,” मी म्हणालो, “पण ओळख पटवावी लागेल. लग्नात पंगतीला काय कमी पडलं होतं?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी हळू आवाजात उत्तर आलं, “मठ्ठा. पण ते आमच्याकडच्या लोकांमुळे, बाबा.”

ओळख पटली. हे कबूल करणारा दुसरा कुणी असूच शकत नव्हता. मी नंबर सांगितला, ‘स्वीकारा’वर टिचकी मारली आणि जावई आत आले.

आत आले म्हणजे काय, तर माझा बाण आपोआप हलायला लागला. बायकोने पदर सावरला. “त्यांना आपण दिसतो का?” तिने कुजबुजत विचारलं. नाही म्हटलं, तरी तिने दडपे पोह्यांची बशी आणून पडद्यासमोर ठेवली. “असू दे, बरं नाही दिसत,” म्हणाली.

पहिली अडचण सभ्यतेची आली. माऊसवर माझाही हात होता. मला वाटायचं, जावयांना त्रास नको, म्हणून मी बाण त्यांना हवा तिकडे न्यायला जायचो. त्यांना वाटायचं, सासऱ्यांना काहीतरी दाखवायचंय, म्हणून ते सोडायचे. मग मी सोडायचो, मग दोघंही एकदम धरायचो. लग्नानंतर नवरानवरी मुठीतली सुपारी सोडवतात तसा तो बाण पडद्याच्या मधोमध थरथरत होता. शेवटी मुलीचा मागून आवाज आला, “बाबा, हात मांडीवर ठेवा!” तेहेतीस वर्षं झडतीला हात वर करायची सवय, मांडीवर ठेवणं जड गेलं.

जावयांनी टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. संगणकात कोण किती जागा अडवून बसलंय, त्याची ती हजेरीवही. “बाबा, चार जीबी रॅम आहे आणि काही न करता ब्याण्णव टक्के भरलीय.”

“म्हणजे किती?”

जावई मूळचे नाशिकचेच, सिडकोतले. त्यांनी बरोबर समजेल असं सांगितलं. “म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत.”

आता हे कुणाही नाशिककराला कळतं. गंगापूर धरणातून विसर्ग किती क्युसेक हे पेपरात छापून येतं, पण गोदावरीला पूर किती, हे आम्ही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. गळ्याशी आलं, की सराफ बाजारातली दुकानं हलू लागतात. जावई म्हणाले, संगणकाचंही तसंच. रॅममध्ये माल मावेनासा झाला, की तो हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ती डिस्क बिचारी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, पण सुईला शोधायला वेळ लागतो. म्हणून सारखी कुरकुर. त्या वर्षी, २०२३ ला, पावसाने ओढ दिली होती. गोदावरीला पाणी नव्हतं आणि माझ्या घरात पूर होता.

“एवढं पाणी सोडलं कुणी?” मी विचारलं.

जावयांनी दुसरी यादी उघडली. बटण दाबल्याबरोबर, न बोलावता सुरू होणारे एकोणीस प्रोग्रॅम. २०१७ साली विकलेल्या प्रिंटरचा एक होता, तो रोज सकाळी उठून प्रिंटर शोधायचा. नातवाने तिसरीत असताना घातलेला एक खेळ होता. व्हायरस पकडणारे दोन होते. ते व्हायरस सोडून दिवसभर एकमेकांचीच झडती घेत बसले होते.

बायको यादी बघून म्हणाली, “हे सिंहस्थाचे पाहुणे.”

तिला २०१५ आठवलं. तीर्थक्षेत्री घर असण्याचा हा कर असतो. पर्वणीच्या निमित्ताने ज्यांचं नातं आम्हाला तोवर माहीतही नव्हतं असे लोक पिशव्या घेऊन आले. ‘एक डुबकी मारून निघतो’ म्हणाले आणि गादीची कडक बाजू कुठली, यावर वाद घालत आठवडा राहिले. हे एकोणीस तेच. फक्त त्यांना परतीचं तिकीट नव्हतं.

“हरकत नसेल तर सतरा जणांना निरोप देऊ?” जावई म्हणाले. मी मान हलवली. ती त्यांना दिसणार नव्हती, तरी त्यांना कळली. एकेक पाहुणा गेला. पाणी गळ्यावरून छातीला आलं, छातीवरून कमरेला. मला वाटलं, झालं.

“आता जागा मोकळी करू,” जावई म्हणाले. “बाबा, एकेका फाईलच्या खूप प्रती आहेत. ही बघा, ‘स्थळे अंतिम’. चौदा प्रती.”

माझ्या अंगावरून मांजर गेलं.

ही फाईल मी २०१३ साली केली होती, मुलीच्या लग्नासाठी. एक्सेलमध्ये, पूर्ण प्रेसच्या शिस्तीत. क्रमांक, नाव, शिक्षण, पगार, उंची, पत्रिका आणि शेवटी शेरा. रोज संध्याकाळी सुधारायचो आणि जुनी प्रत टाकवत नसल्याने नवी वेगळी ठेवायचो.

“त्यात काही नाही,” मी घाईने म्हणालो. “जुनं बाड. सगळंच टाकून द्या.” आयुष्यात पहिल्यांदा मी काही टाकायला सांगत होतो. संशय यायला तेवढं पुरे होतं.

“तुमचं महत्त्वाचं काही जायला नको, बाबा. सर्वांत नवी कुठली ते बघून घेतो.”

मी निर्धास्त होतो. कारण एक्सेल उघडायला माझ्या संगणकाला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात वायर काढता येते, वीज गेल्याचं सांगता येतं, आणि ते कुणालाही पटतं. मी टेबलाखाली वाकलो. पण हे विसरलो, की गेला तासभर त्या गृहस्थाने ह्याच संगणकाच्या उरावरून सतरा पाहुणे उठवले होते.

फाईल टचकन उघडली. अकरा वर्षांत इतक्या तत्परतेने त्याने माझं एकही काम केलं नव्हतं.

क्रमांक १६ वर हिरवा रंग होता. शेरा: ‘उत्तम. अमेरिका. होकार कळवणे.’ आणि खाली, वेगळ्या तारखेला: ‘त्यांचा नकार.’

क्रमांक १७. शेरा: ‘पगार बरा. उंची बरी. केस विरळ होत चालले. चहा आवाज करून पितो. राखीव ठेवणे.’

बाण क्रमांक १७ वर येऊन थांबला होता. पडद्यावर काही हलत नव्हतं आणि ह्या वेळी संगणकाचा दोष नव्हता. पलीकडून एक बारीक आवाज आला. चहाच्या घोटाचा होता. मग त्यांनी कप खाली ठेवल्याचा.

बायको माझ्या कानाशी म्हणाली, “मी तेव्हाच सांगत होते, शेरे वहीत लिहा.”

“बाबा,” जावई अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “ह्यातली एक प्रत ठेवतो. तेरा काढल्या तर चालतील?”

“तुम्ही म्हणाल तसं,” मी टेबलाखालूनच म्हणालो.

पुढचं सगळं कामकाज कोरडं झालं. हार्ड डिस्क म्हातारी झालीय, तिच्या जागी एसएसडी बसवली पाहिजे; त्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे शोधाशोधीत वेळ जात नाही. पण हे काम पुण्यातून होणार नाही, त्याला स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरीच यावं लागतं. “धोंड्याच्या महिन्यात येणारच आहोत ना,” ते म्हणाले आणि आले तसे गेले. बाण पुन्हा माझा झाला. मी तो हलवून पाहिला, पण हक्काचा वाटेना.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. जावई आले. आम्ही रीतीप्रमाणे तेहेतीस अनारसे, दिवा, चांदीची वाटी असं वाण दिलं. त्यांनी पिशवीतून पोह्याच्या पाकिटापेक्षा लहान अशी ती एसएसडी काढली. वाण उलट्या दिशेनेही येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. कॅबिनेट उघडलं तेव्हा आत उशी भरता येईल एवढी धूळ आणि पालीची दोन अंडी निघाली. मी चहा आणायला आत गेलो तेव्हा त्यांचं काम संपत आलं होतं. चहा त्यांनी निःशब्द प्यायला. मला तो आवाज असता तर बरं वाटलं असतं.

आता संगणक अठरा सेकंदांत सुरू होतो. बिटकोला जायला निमित्त उरलं नाही. गुडघ्यांच्या बातम्या दोन दिवस उशिरा कळतात.

ते गेल्यावर आठवड्याने मी धीर करून ती उरलेली एक प्रत उघडली. क्रमांक १७. माझ्या शेऱ्याखाली प्रेसच्याच भाषेत एक नवी नोंद होती: ‘२०२३ मध्ये फेरतपासणी केली. केसांबाबतचा शेरा योग्य होता. माल परत घेतला जाणार नाही.’

मी ती दोनदा वाचली. बायकोला बोलावून वाचून दाखवली. मग फाईल बंद केली आणि तिच्या चार जादा प्रती करून ठेवल्या.